उंबराचं पाणी आणि हार्वुड साहेबाची गाडी

आता बहरीनमध्ये रेल्वे कुठली, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, नाहीच. पण फाटक होतं. मआमीर गावाच्या अलीकडे, कंपनीच्या क्वार्टर्सवरून गावाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, पांढऱ्या रंगाचं, मधोमध लाल थाळी ठोकलेलं, एका खांबावर फिरणारं चांगलं भक्कम लाकडी फाटक. आणि सत्त्याहत्तर साली दर शुक्रवारी दुपारी ते मॅगीच्या हातात असायचं.

मॅगी वसईची. कंपनीत टायपिस्ट, अंगाने काडी, आवाज मात्र असा की मासळीबाजारात उभी केली तर पलीकडच्या आळीतली गिऱ्हाइकं धावत येतील. तिची मोठी बहीण फ्लोरी मनामाच्या हॉस्पिटलात नर्स. आय-बाबा तिकडे वसईला, आणि इकडे दोघींवर नजर ठेवायला मार्सेलिना मावशी, जी सख्खी मावशी नव्हती, फ्लोरीची मडीन होती, म्हणजे बाप्तिस्म्यातली धर्माची आई. पण ओरडायची सख्ख्या मावशीच्या वर.

तर फाटक आलं कुठून? हार्वुड साहेबामुळे. हा आमच्या कंपनीचा मॅनेजर. त्याच्या इंग्लंडातल्या गावी एक जुनी रेल्वे होती, सरकारने बंद करून टाकलेली. गावच्या लोकांनी काय केलं, वर्गणी काढली, सुट्टीच्या दिवशी स्वतः हात काळे केले आणि ती गाडी परत चालू केली. नुसती हौस म्हणून. ती गाडी शेतांमधून, मेंढरांमधून झुकझुक करत जाते आणि गावचे रस्ते ओलांडते, तेव्हा फाटक लागतं आणि सगळे जण सायकली, गाड्या थांबवून तिला हात करतात. साहेबाच्या टेबलावर तिचा फोटो. बायकोचा फोटो ड्रॉवरमध्ये आणि इंजिनाचा टेबलावर, असं आमचा लतीफ म्हणायचा, तो पुढे येईलच.

साहेबाला इथे राहून त्या गाडीची इतकी आठवण यायला लागली, की त्याने तिकडच्या दगडाच्या खाणीतलं एक भंगारात निघालेलं इंजिन सोडवलं आणि पेटीत घालून बोटीने मागवलं. माथेरानच्या गाडीची धाकटी बहीण समजा. मागे दोन डबे, लाकडी बाकांचे. साहेब लोकांच्या क्लबात रूळ टाकले. आणि बघा, तेलाच्या देशात कोळसा इंग्लंडहून यायचा. त्या कोळशावर फावडं मारायला कोण, तर लतीफ. लतीफ रत्नागिरीकडचा, क्रेनचा मेकॅनिक. तो म्हणायचा, "आमच्या जिल्ह्यात रेल्वेची शिट्टी कुणी ऐकलेली नाय. आय बोलते, पोरगा बहरीनला गेला नि रेल्वेत लागला."

पण क्लबाचं आवार पुरेना. गाडी सुटते न सुटते तोच भिंत यायची. मग साहेबाने भिंतीला भगदाड पाडलं, रूळ रस्त्याच्या पलीकडे नेले, मोकळ्या माळावर एक गोल फेरी आणि परत त्याच जागेवरून रस्ता ओलांडून आत. त्या ओलांडायच्या जागी फाटक. असं फिरवलं की रस्ता बंद नि रूळ मोकळे, तसं फिरवलं की रूळ बंद नि रस्ता मोकळा. साहेबाचा नियम होता, बापाच्या मृत्युपत्रासारखा पाळायचा तो: फाटकावर माणूस नाही, तर गाडी भिंतीबाहेर नाही.

त्या उन्हात उभं राहायला मॅडम लोक तयार होईनात, म्हणून मॅगीला बोलावलं. मॅगीला काय, लाल टोपी मिळाली, एक हिरवं नि एक लाल निशाण मिळालं, ती अशी खूश की पहिल्या दिवशी टोपी घालूनच जेवायला बसली. मावशी म्हणाली, "आता झोपताना तरी काढ गो. डोक्यात उवांना पण कळू दे रात्र झालीय."

पण पुढे पुढे तिला ते खटकायला लागलं. कारण शुक्रवारी दुपारभर फाटक रस्त्यालाच आडवं. गाडी येवो न येवो, साहेब म्हणायचा, उघडझाप नको, लोकांना थांबायची सवय लागू दे. गावाकडून उम्म वली यायची. म्हणजे वलीची आई, गावातली म्हातारी, खजुराची बाग होती तिची, आणि बागेत गोड्या पाण्याची विहीर. गाढवावर भाजी घालून ती क्वार्टर्समध्ये विकायला आणायची. ती फाटकाशी उभी राही, गाढव उभं राही, भाजी माना टाकी. साहेब लोक डब्यातून हात करत जायचे. म्हातारी कधी हात करायची नाही. एकदा तिने मॅगीला विचारलं, अगदी साध्या आवाजात, "बिन्ती, हा रस्ता माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून आहे. कुणी बंद केला?"

बिन्ती म्हणजे मुली.  त्या दिवशी मॅगीला टोपी जड लागली.

आणि मग आलं फ्लोरीचं लग्न.

फ्लोरीला हॉस्पिटल रजा देईना. वसईला जायचं तर कॉन्ट्रॅक्ट संपवूनच जा म्हणाले. तेव्हा फ्लोरीने ठरवलं, लग्न इथेच करीन, आणि वसईत होतं तसं सगळं करीन, एक गोष्ट सोडणार नाही. मांडव घालीन, नवरीला नारळाचं दूध लावायचा रोस करीन, उंबराचं पाणी आणीन. आता उंबराचं पाणी म्हणजे काय, तर लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, घागर भरतात, आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. मावशीच्या आळीत त्याचा एक कडक कायदा. भरलेली घागर डोक्यावर चढली, की घरी उतरेपर्यंत पाय थांबवायचे नाहीत आणि वाजणं थांबवायचं नाही. हळू चाला, नाचत चाला, पण थांबायचं नाही. पाणी वाटेत थांबलं तर ते सांडून टाकायचं, ते नवरीच्या अंगाला लावायचं नाही. आणि दुसऱ्यांदा विहिरीवर जायचं नाही, एकदाच.

लग्न शनिवारी संध्याकाळी. म्हणजे पाणी शुक्रवारी. सगळ्यांना सुट्टी शुक्रवारीच. विहीर कुठली, तर उम्म वलीची. आणि वाट कुठली, तर ती एकच.

बुधवारी मॅगी साहेबाच्या केबिनमध्ये गेली. म्हणाली, "सर, या शुक्रवारी चारची फेरी नको. किंवा मला सुट्टी द्या. माझ्या बहिणीचं पाणी जायचंय फाटकावरून."

साहेब हसला. चांगला माणूस होता, वाईट नव्हता, तेच तर. म्हणाला, "लंडनहून डायरेक्टर येतोय, मॅगी. त्याला गाडीत बसवायचंय. पण तुमची मिरवणूक थांबेल की पाच मिनिटं. माझ्या गावात डॉक्टर थांबतो, दूधवाला थांबतो, एकदा तर नवरी थांबली होती, पांढऱ्या झग्यात, फाटकाला टेकून. सगळ्यांना किती आवडलं. तीच तर गंमत असते."

"ते थांबतात, कारण गाडी त्यांची आहे सर," मॅगी म्हणाली. "वर्गणी त्यांची, हात त्यांचे काळे झालेले. इथे कुणाची आहे?"

साहेबाला ते ऐकूच आलं नाही बहुतेक. किंवा आलं असेल. म्हणाला, "आम्ही जुनं जपतोय, मॅगी. जुनं जपायला थोडी शिस्त लागते."

"आम्हीपण जुनंच जपतोय," असं मॅगी म्हणाली, पण दाराबाहेर आल्यावर. आणि मग दोन दिवस स्वतःला शिव्या घातल्या, की आत का नाही म्हणाले.

आता तिने बेत केला. मावशीला सांगितलं, तीनची फेरी गेली की मी फाटक फिरवते, तुम्ही लगेच विहिरीवर जा, चारच्या आत परत या, मी तुम्हाला सोडीन, मग गाडीला सोडीन. कुणाचं कुणाला कळायचं नाही. बेत चांगलाच होता, पण एक गोष्ट मॅगी विसरली. विहीर दुसऱ्याच्या घरची होती.

कारण तुम्ही गावात, बाईच्या बागेत, लग्नाचं पाणी मागायला जाणार आणि घागर भरून सरळ निघणार, असं होतं का कुठे? शुक्रवारी तीनला मंडळी निघाली. पुढे आलोशियस, हॉटेलात कॉर्नेट वाजवायचा तो, इस्त्रीचा कोट घालून. मागे ढोलकं, मागे बायका, साड्या पायघोळ, डोक्यात मोगरा नाही म्हणून प्लॅस्टिकचा. मॅगीने फाटक फिरवून सोडलं त्यांना. विहिरीवर पोचले, तर उम्म वलीने चटया अंथरलेल्या. कॉफी. खजूर. मग परत कॉफी. नको म्हणायचं तर कप हलवायचा असतो, ते मावशीला कुठे ठाऊक, ती रिकामा कप पुढे करायची आणि म्हातारी परत भरायची. मावशीला वाटे ही सोडत नाही, म्हातारीला वाटे हिची तहान भागत नाही. सहा कप झाले. शेवटी गावातल्या एका बाईने मावशीचा हात धरून कप हलवून दिला, तेव्हा कुठे सुटका. मग उम्म वलीने घागरीत गुलाबपाणी ओतलं, आणि म्हणाली, आता आम्हीपण येतो. गावातल्या बायका निघाल्या काळ्या अबायांत, जिभा हलवून ललकारत, पोरं निघाली, गाढव निघालं. गेले होते वीस जण, परतले सगळं गाव घेऊन.

आणि इकडे मॅगी. चारचा भोंगा झाला. क्लबात गाडीने वाफ धरली. साहेब स्वतः इंजिनावर, पहिल्या डब्यात डायरेक्टर, डोक्याला रुमाल बांधून, हातात थंड पेल्यात काहीतरी. नियम असा की गाडी सुटायच्या आधी फाटक रस्त्याला आडवं करून हिरवं दाखवायचं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मॅगीने बराच वेळ वाट बघितली, मग फाटक आडवं केलं, मग हिरवं दाखवलं. दाखवलं आणि लांबून कॉर्नेट ऐकू आलं.

ते आले वळणावरून. धूळ, त्या धुळीत आलोशियसच्या कॉर्नेटची चकाकी, आणि सगळ्यांच्या वर मावशीच्या डोक्यावरची तांब्याची घागर, काठोकाठ भरलेली. मावशीचे गुडघे तसे कामातून गेलेले, पण त्या दिवशी ती अशी चालत होती, जणू गुडघे कुणाकडून उसने आणलेत.

तिकडून गाडी भिंतीच्या भगदाडातून तोंड काढत होती.

मावशीने फाटक पाहिलं, आडवं. मॅगीला पाहिलं. थांबली नाही. हाक मारली नाही. नुसती चालत राहिली, तसंच, त्याच चालीत. आलोशियसने एक डोळा फाटकावर ठेवला आणि वाजवत राहिला. त्यांना काय, मॅगीवर भरवसा होता की काय होतं, पण कुणाचंही पाऊल आखडलं नाही.

मॅगीच्या डोक्यात काय काय आलं असेल बघा. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. व्हिसा साहेबाच्या सहीवर. वसईला आयने घराला नवं कौल घालायला काढलेलं. साहेबाने मनात आणलं तर सोमवारच्या विमानात. आणि दुसऱ्या बाजूला काय, एक घागर पाणी. तेही विहिरीचं, मोठं गंगेचं नव्हे.

तिने हिरवं निशाण मातीत टाकलं. लाल उचललं. आणि दुसऱ्या हाताने, अंगातलं सगळं वजन टाकून, फाटक फिरवलं. ते करकरत रस्त्यावरून निघालं आणि रुळांवर आडवं जाऊन बसलं.

इंजिन किंचाळलं. साहेबाने ब्रेक दाबले, लतीफने फावडं टाकलं आणि काहीतरी धरलं, गाडी फाटकापासून हातभर अंतरावर येऊन फुसफुसत थांबली. डायरेक्टरचा पेला डायरेक्टरच्या शर्टावर. लाल थाळी बरोबर इंजिनाच्या तोंडासमोर.

आणि पाणी आलं. न थांबता आलं. पण घाई करून आलं असं समजू नका. मावशीने रुळांवर पाय ठेवला आणि नाचायला लागली. आमच्यात नाचतात तसं, दोन पावलं पुढे, एक मागे. घागर हलली नाही. मागून बायका, दोन पुढे, एक मागे. गावच्या बायकांनी बघितलं आणि त्यापण तशाच, दोन पुढे, एक मागे, ललकारत. साहेबाने शिट्टी दिली. आलोशियसने तोच सूर कॉर्नेटवर परत दिला. साहेबाने परत शिट्टी दिली, आलोशियसने परत उत्तर दिलं, जास्त लांब. मग साहेबाने शिट्टी सोडून दिली. बायकांच्या शेवटी उम्म वली आली गाढव घेऊन, आणि गाढव ऐन रुळांच्या मध्ये आल्यावर तिने खाली वाकून त्याच्या खुरातला खडा काढला. खडा होता की नव्हता ते ती जाणे आणि गाढव जाणे.

मिरवणूक पलीकडे गेली. मॅगीने फाटक तसंच ठेवलं, कारण गावची पोरं अजून येत होती.

साहेब इंजिनावरून उतरला. डायरेक्टर मागून आला, शर्ट झटकत. "काय झालं?" त्याने विचारलं.

साहेबाने मॅगीकडे पाहिलं. आणि ऐका, इथे तो वाईट वागला नाही. हळू म्हणाला, "मॅगीला रस्त्यात काहीतरी अडकलेलं दिसलं असणार. ते गाढव. धोका दिसला तर लाल दाखवायचं, असं मीच तिला शिकवलंय. हो ना, मॅगी? धोका होता."

किती सोपं होतं. मान हलवायची नुसती. टोपी राहिली असती, वर शाबासकी मिळाली असती, डायरेक्टरने हात मिळवला असता. लतीफ इंजिनावरून डोळ्यांनी सांगत होता, हलव गो, हलव मान, हलव.

मॅगी म्हणाली, "नाही सर. धोका काही नव्हता. गाढवाला कशाला मध्ये घालता. गाडी मी थांबवली."

"का?" डायरेक्टरने विचारलं.

"कारण ते पाणी थांबत नाही," मॅगी म्हणाली. "आणि गाडी थांबते. आता बघितलं ना तुम्ही, थांबली."

"रस्त्याला फाटक आहे," साहेब म्हणाला, आता आवाज चढवून. "सगळ्यांना थांबावं लागतं."

"मग आज तुम्ही थांबलात. आम्ही वर्षभर थांबलो."

साहेबाने हात पुढे केला. मॅगीने टोपी काढून त्याच्या हातावर ठेवली, मातीतलं हिरवं निशाण उचलून दोन्ही वर ठेवली. केस घामाने चिकटलेले, टोपीचा वळ कपाळावर. मग ती वळली आणि धावत सुटली, मिरवणूक गाठायला, कारण घागर उतरवताना बहीण लागते. पोचली वेळेवर. मावशीने घागर उतरवली, मग स्वतः मोरीच्या उंबऱ्यावर बसली, आणि पहिलं वाक्य काय बोलली, तर, "त्या बाईने मला सहा कप कॉफी पाजलीय, आता तीन दिवस झोप नाय." मॅगीला जवळ ओढून तिने तिच्या कपाळावरचा टोपीचा वळ पदराने पुसला, दोनदा. तो काही पुसला गेला नाही.

शनिवारी फ्लोरीची आंघोळ त्या पाण्याने झाली. गुलाबपाण्याचा वास चर्चमध्ये पहिल्या बाकापर्यंत येत होता.

नोकरी राहिली मॅगीची, विमानात नाही घातलं. पण एसीतल्या टेबलावरून उचलून सितऱ्याकडच्या गोदामात टाकलं तिला, पत्र्याखाली, जिथे टाइपरायटरची बटणं उन्हाने बोटं भाजायची. साहेबाने एकदा निरोप पाठवला, डायरेक्टरची माफी माग, परत ये. मॅगीने त्याच माणसाबरोबर उलटा निरोप धाडला, पंखा असेल तर पाठवा.

आणि फाटक? साहेबाने पुढच्या शुक्रवारसाठी माणूस शोधायला घेतला. लतीफला टोपी दाखवली. लतीफ म्हणाला, "मफी, नाय जमणार, साहेब. मी कोळशाचा माणूस, मला उजेडात दिसत नाय." आलोशियसला विचारलं. तो म्हणाला, माझे दोन्ही हात कॉर्नेटला लागतात. केरळच्या क्लार्कला विचारलं, गोव्याच्या कुकला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं. कुणाची पाठ दुखत होती, कुणाला लाल रंग सोसत नव्हता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण टोपी काही कुणाच्या डोक्याला बसेना. शेवटी साहेब स्वतः जाऊन उभा राहिला फाटकावर. पण मग गाडी कोण चालवणार?

आणि नियम तर नियम. फाटकावर माणूस नाही, तर गाडी भिंतीबाहेर नाही. तेवढं मात्र त्याने पाळलं, ते कबूल केलं पाहिजे.

तर त्या सालापासून, साहेब इंग्लंडला परत जाईपर्यंत, गाडी शुक्रवारी क्लबातून निघायची, भिंतीच्या भगदाडापर्यंत यायची, समोर रुळांवर आडवं ठेवलेलं फाटक बघायची आणि उलटी जायची. मॅगी गोदामातल्या पत्र्याखालून सुटून शुक्रवारी उम्म वलीकडे कॉफीला जायची. कप कसा हलवायचा ते आता तिला येत होतं. वाटेत फाटक लागायचं. गाडी भगदाडाशी येऊन उभी असायची, साहेब शिट्टी द्यायचा, सवयीने म्हणा की आणखी कशाने. मॅगी थांबायची नाही. रुळांवर यायची आणि सरळ ओलांडायची, पण घाईने नाही हां. दोन पावलं पुढे, एक मागे.